राजकन्येचे न घातलेले बूट

"मेले! संपले! आता माझा पाय कापावाच लागणार!"

महालाच्या मागच्या जिन्यावर बसकण मारून कुरकुर ओरडली आणि तिने उजव्या पायातला बूट काढून भिरकावला. बूट गडगडत खाली गेला आणि नेमका बटणच्या डोक्यावर आपटला.

"आत्याऽऽ! ताईने मला बूट मारला!" बटणने भोकाड पसरलं.

कुरकुरचं खरं नाव घरातले विसरल्यातच जमा होते. दूध गरम म्हणून कुरकुर, पंखा जोरात म्हणून कुरकुर, उशी फार मऊ म्हणूनही कुरकुर! तिच्या धाकट्या भावाच्या शर्टाचं वरचं बटण कधीच जागेवर नसायचं, म्हणून तो बटण. आणि या दोघांचा आतेभाऊ म्हणजे वकील. "जेवायला चल" म्हटलं तरी तो आधी पुरावा मागायचा.

सुट्टीत दोघं भावंडं आत्याकडे आली होती. आत्या या जुन्या महालातल्या संग्रहालयात काम करायची. राजघराण्याचे कपडे, हातमोजे, बूट यांची देखभाल तिच्याकडे होती. महालाच्या आवारातच मागच्या अंगाला तिला राहायला दोन खोल्या दिल्या होत्या. वकील तिथंच लहानाचा मोठा झाला होता.

"सगळे म्हणतात, नवे बूट घालून घालून सैल होतील," कुरकुर टाचेवरचा फोड कुरवाळत म्हणाली. "त्यांचं काय जातंय म्हणायला? पाय माझा आहे! ए वकील, तुझा पाय माझ्याएवढाच आहे ना? तू घाल ना हे थोडे दिवस. मला सैल करून दे."

"फी काय देणार?"

"माझं आइस्क्रीम."

"आणि फोड मला आले तर? भरपाई कोण देणार?"

"तुला आले तर ओरडणारही तूच ना! मला काय त्याचं?"

तिघंही खदाखदा हसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, आणि ते ओरडणं साधंसुधं नव्हतं.

"हे काय आहे? मी विचारतोय, हे काय आहे?"

आवाज संचालकसाहेबांचा होता आणि येत होता आत्याच्या कामाच्या खोलीतून. तिघं धावत वर गेले. कुरकुर एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशीच लंगडत गेली.

आत्याच्या टेबलावर मऊ कापड अंथरलं होतं आणि त्यावर पांढऱ्या साटीनचे छोटे, नाजूक बूट ठेवले होते. हे बूट कोण ओळखणार नाही? महालाच्या फाटकावर त्यांचंच मोठं चित्र लावलं होतं: 'राजकन्येचे न घातलेले बूट'. वडिलांच्या राज्यारोहणासाठी ते बनवून घेतले होते. पण समारंभाच्या आधीच राजकन्येला ताप आला आणि त्यातच ती गेली. तेव्हापासून बूट पेटीत बंद होते. आज दुपारी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या हस्ते ते पहिल्यांदा लोकांसमोर येणार होते, म्हणून आत्याने सकाळी ती पेटी उघडली होती.

संचालकसाहेबांनी बूट उलटा केला. खालचं चामडं घासलेलं होतं! त्यावर बारीक बारीक ओरखडे होते, आणि उजव्या बुटाची बाहेरची कड तर चक्क झिजली होती. आत, टाचेपाशी, अस्तरावर एक तपकिरी डाग होता.

"न घातलेले बूट!" संचालकसाहेब कडाडले. "मी शहरभर फलक लावलेत! आणि हे घालून कुणीतरी नाचलंय!"

"साहेब, मी पेटी उघडली तेव्हाच ते असे होते," आत्या म्हणाली.

"अच्छा? आणि काल या खोलीत सरबताचे पेले घेऊन ही पोरं काय करत होती? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"काल पेटीला कुलूप होतं!" वकील मध्येच म्हणाला.

"किल्ली तुझ्या आईकडेच होती ना?"

वकिलाने आईकडे पाहिलं. मग साहेबांची नजर कुरकुरच्या पायाकडे गेली. मोज्याला टाचेपाशी लाल डाग पडला होता.

"काढ तो मोजा."

कुरकुरने मोजा काढला. टाचेवर फुटलेला फोड होता.

"झालं! आणखी काय पुरावा हवा? घट्ट बूट घालून फिरल्याशिवाय असा फोड येतो का?"

"अहो, पण तो माझ्या नव्या बुटांनी..."

"पुरे!"

साहेबांनी आत्यासमोर हात पुढे केला. आत्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवला.

"दुपारी अध्यक्षबाईंसमोर कबूल करायचं की हे तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं. नोकरी गेलीच समजा, आणि खोल्याही रिकाम्या करायच्या. तो डाग मी उद्या बाहेरच्या माणसाकडून धुऊन घेतो."

बूट घेऊन ते तरातरा निघून गेले.

आत्या खुर्चीत बसली. नेहमी भराभर चालणारे तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. मग तिने कुरकुरकडे पाहिलं.

"खरं सांग बाळ. मी रागावणार नाही. घातले होतेस का गं तू?"

साहेब काहीही म्हणोत! पण आत्यानेही विचारावं? कुरकुरने नाही म्हणून मान हलवली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"नाही ना? मग नाही!" आत्याने तिला जवळ घेतलं. "चुकलं माझं. डोकं ठिकाणावर नाही बघ माझं."

पण आत्याचा विश्वास बसून काय उपयोग? तिघांनी पहारेकऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "साहेबांच्या पुढे मी कोण बोलणार?" तिकीटवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरांनो, माफी मागून टाका, सुटाल." ज्याला सांगावं तो तोंडाने चुकचुकायचा आणि आपल्या कामाला लागायचा. खरं बोलून इतकं हतबल व्हायला होतं, हे कुरकुरला आजपर्यंत माहीतच नव्हतं.

"आपण काहीच करू शकत नाही," ती म्हणाली. वकीलही गप्प होता, आणि तो गप्प आहे म्हणजे परिस्थिती फारच वाईट होती.

"आपण माळ्यावरची राजाची खोली बघायला जायचं का?" बटणने हळूच विचारलं. "सकाळी ठरलं होतं ना?"

घरी जाऊन आत्याला सामान बांधताना बघण्यापेक्षा ते बरं! गाइडकाका पर्यटकांचा घोळका घेऊन निघाले होते. तिघं त्यांच्या मागे मागे गेले.

पहिल्या दालनात काचेच्या पेटीत राजकन्येचे रोजचे बूट मांडले होते. एक बूट आडवा ठेवल्यामुळे त्याचा तळ दिसत होता.

"बघा, उजव्या बुटाची बाहेरची कड झिजलीय," गाइडकाका म्हणाले. "प्रत्येक जोड असाच! आमची राजकन्या चालताना एका अंगाला झुकायची, बिचारी."

कुरकुर थबकली. बाहेरची कड! तिने वकिलाला कोपर मारलं. बुटाच्या टाचेला चंद्रकोरीच्या आकारात बारीक खिळे ठोकलेले होते आणि मधोमध एकच मोठा खिळा होता. वकिलाने नाक काचेला चिकटवून ते नीट पाहून घेतलं.

मग घोळका वर गेला. थेट माळ्यावर! जिना अरुंद होत गेला, भिंतींवरची नक्षी संपली आणि नोकरांच्या खोल्या लागल्या. शेवटच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी होती: 'शोकमग्न राजाची खोली'.

खोली रिकामी होती. पण लाकडी जमिनीवर, भिंतीच्या कडेकडेने, एक गोल वाट झिजून खोलगट झाली होती.

"मुलगी गेली आणि राजाने अन्नपाणी सोडलं," गाइडकाकांचा आवाज भरून आला. "तो इथं येऊन एकटाच गोल गोल फिरत राहिला. फिरून फिरून लाकूड झिजलं, पण दुःख काही झिजलं नाही!" त्यांनी रुमाल काढला. दोन बायकांनीही काढला.

वकिलाला मात्र धीर नव्हता. कुरकुरपेक्षा वीतभर उंच असलेला तो त्या वाटेने चालून बघायला गेला, आणि ठण्ण!

"आई गं!"

उतरत्या छपराची तुळई थेट त्याच्या कपाळावर बसली होती.

"अरे वाकून चाल!" गाइडकाका म्हणाले.

"काका," वकील कपाळ चोळत म्हणाला, "खाली राजाचं चिलखत आहे ना? ते दारापेक्षा उंच आहे! मग राजा इथं फिरला कसा? रांगत?"

पर्यटक हसले. गाइडकाका गोरेमोरे झाले. "उगाच फाटे फोडू नकोस! मी इतकी वर्षं या राजासाठी रडतोय, ते काय उगाच?" असं म्हणून त्यांनी घोळका खाली पिटाळला.

तिघं मागे राहिले. कुरकुरची टाच ठणकत होती, म्हणून ती वाटेच्या कडेला भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. हाताला काहीतरी वेगळं लागलं. भिंतीचा खरखरीत गिलावा तिथं गुळगुळीत झाला होता. तिने हात पुढे सरकवला. पुढेही गुळगुळीत! तिच्या खांद्याच्या उंचीवर, त्या वाटेच्या बरोबरीने, आधार धरून धरून गिलाव्याला झिलई चढली होती.

"वकील," ती कुजबुजली, "इथं जी कुणी फिरत होती, ती माझ्याएवढी होती. आणि तिचे पाय दुखत होते."

"पुरावा?"

"मी उभी आहे ना समोर!"

"ताई, इथं टिंब टिंब आहेत!" बटण जमिनीला नाक लावून पालथा पडला होता. वळणाच्या जागी लाकडात असंख्य बारीक खड्डे पडले होते. बरेचसे एकमेकांवर उमटून गिचमिड झाली होती. पण कडेला एक ठसा स्वच्छ होता: चंद्रकोर, आणि मधोमध एक टिंब!

वकिलाने खिशातला कागद त्यावर धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. कागदावर चंद्रकोर उगवली. तिघं धडाधडा जिना उतरून काचेच्या पेटीपाशी आले. कागद बुटाच्या टाचेशेजारी धरला. तंतोतंत!

"म्हणजे राजकन्याच वर फिरायची?" बटणने विचारलं.

"राजकन्या? नोकरांच्या माळ्यावर? दुखऱ्या पायाने? आणि का?" वकील म्हणाला.

कुरकुर आपल्या पायातल्या बुटाकडे बघत होती.

"सकाळी मी तुला काय म्हणाले होते?"

"कधी?"

"जिन्यावर. तुझा पाय माझ्याएवढा आहे, तू घाल. मला सैल करून दे."

वकिलाने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"राजकन्येला नवे बूट चावू नयेत म्हणून ते आधी दुसऱ्या मुलीला घालायला लावायचे," कुरकुर म्हणाली. "तिच्याच मापाच्या पायाची मुलगी. ती वर गोल गोल फिरायची, बूट मऊ होईपर्यंत. सारखी एकाच बाजूला वळायची, म्हणून एकाच बुटाची कड झिजायची! राज्यारोहणाचे बूटही तिनेच आधी घातले. तो डाग सरबताचा नाही, वकील. तो फोड आहे. तिचा."

सकाळी आपण किती हसलो होतो, ते तिघांना आठवलं.

साहेबांकडे जाऊन हे सांगायचा प्रयत्न त्यांनी केला. पण "बाहेर!" एवढा एकच शब्द ऐकून परत यावं लागलं. कागद दाखवायला खिशातून बाहेरही निघाला नाही.

"पुरावा आहे आणि कोर्टच नाही!" वकील दात-ओठ खात म्हणाला. मग त्याने बटणकडे बघितलं. बटण गोरा, गोबरा, डोळे टपोरे. "बटण, तुला गोड बोलता येतं का रे?"

"आइस्क्रीम मिळणार असेल तर येतं."

दुपारी अध्यक्षबाई आल्या. जुन्या घराण्यातल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, हातात चांदीच्या मुठीची काठी. संचालकसाहेब कमरेत वाकून स्वागत करत होते. आत्या एका बाजूला खाली मान घालून उभी होती, आणि साटीनचे बूट एका तबकात झाकून ठेवले होते. साहेब बोलायला तोंड उघडणार एवढ्यात बटण पुढे झाला.

"आजी, तुम्ही राजाची खोली बघितली का? तिथं राजा फार म्हणजे फारच रडला! ती गोष्ट साहेबांनीच शोधून काढलीय!"

साहेबांचा चेहरा खुलला. पोरांवर कितीही राग असला, तरी त्या गोष्टीवर त्यांचा भारी जीव! पाटीही त्यांनीच लावली होती.

"हो का? मग आधी तीच दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि हे काय झाकलंय, तेही घ्या बरोबर."

काठी टेकत टेकत त्या माळ्यावर चढल्या. साहेब हातवारे करत राजाचं दुःख सांगू लागले. "राजा असा चालत असेल बघा, मान ताठ, नजर शून्यात..." आणि ते वाटेवरून निघाले.

ठण्ण!

अध्यक्षबाईंनी हसू दाबलं. "राजा तुमच्यापेक्षा बुटका होता का हो?"

"आजी, नव्हता!" वकील पुढे सरसावला. "आता माझं ऐका. नाहीतर माझ्या आईची नोकरी जाईल!"

मग मात्र तो थांबला नाही. त्याने झिजलेली वाट दाखवली, भिंत दाखवली, कागद दाखवला आणि बूट सैल करणाऱ्या त्या मुलीबद्दल सांगितलं. साहेब "पोरांनीच काल ठोकून ठेवलेत हे खड्डे!" म्हणाले, तेव्हा त्याने त्यांनाच विचारलं, "ही जमीन पॉलिश कुणी करून घेतली?"

"मी! गेल्या वर्षी."

"मग बघा, पॉलिश खड्ड्यांच्या आतही चढलंय!"

साहेब वाकून बघू लागले. आत्याने तबकावरचं कापड बाजूला केलं, बूट अलगद उचलला आणि त्याची टाच ठशावर, न टेकवता, धरली. याही टाचेला तसेच खिळे होते. चंद्रकोरीवर चंद्रकोर जुळली.

"हा डाग..." आत्याने बुटाच्या आत पाहिलं. "प्रत्येक जोडात होता हा डाग. याच जागी. मला वाटायचं, काळाने पडलाय. मी एकेक करून सगळे काढले. स्वच्छ, नीट, मेहनतीने काढले." तिने डोळ्यांना पदर लावला. "त्या पोरीचं एवढंच उरलं होतं आणि तेही मी पुसून टाकलं."

बूट परत मळवता थोडेच येतात? कुरकुरने आत्याचा हात धरला. आणखी काय करणार होती ती?

अध्यक्षबाई मात्र त्या गुळगुळीत भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मुलांचं बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडेही होती एक. माझ्याच वयाची, माझ्याच पायाची. माझे नवे बूट आधी ती घालायची. मला आयुष्यात कधी बूट चावला नाही."

"काय नाव तिचं?" बटणने विचारलं.

अध्यक्षबाईंनी तोंड उघडलं. मग बराच वेळ त्या आठवत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण नाव काही येईना.

"नाही आठवत रे बाळा," त्या म्हणाल्या आणि एकदम खूप म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या कमरेला परत आला. साहेबांनी आत्याची माफी मागितली, आणि अध्यक्षबाई बघत होत्या म्हणून ती चांगली मोठ्याने मागितली. दारावरची पितळी पाटी उतरली. गाइडकाका हिरमुसले, पण थोडाच वेळ! "म्हणजे आता मला त्या पोरीसाठी रडायचंय तर," असं म्हणत त्यांनी रुमालाची घडी घातली. 'न घातलेले बूट' तसेच, डागासकट, काचेत ठेवले गेले आणि शेजारी आत्याने स्वतः लिहिलेला कागद लागला: 'हे बूट राजकन्येने कधीच घातले नाहीत. ज्या मुलीने घातले, तिचं नाव आम्हाला माहीत नाही.'

"शाब्बास रे पोरांनो!" अध्यक्षबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "आम्ही इतकी मोठी माणसं, पण आमच्या कुणाच्याच डोळ्यांना हे दिसलं नाही."

"त्यासाठी आधी टाच सोलावी लागते," कुरकुर म्हणाली, आणि साहेबही हसले.

पण संध्याकाळी घरी जाताना ती गप्पच होती. नाव शोधायचं कुठे? विचारायचं कुणाला? ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे केव्हाच गेले होते. आत्याची नोकरी वाचवता आली, पण त्या मुलीसाठी आता कुणालाच काही करता येणार नव्हतं. तिला साधं "बस गं थोडी" असंही म्हणता येणार नव्हतं.

जिन्यापाशी ती थांबली आणि बूट काढून टाचेवर फुंकर घालू लागली. वकील तिच्याशेजारी बसला. जरा वेळ चुळबुळ करून त्याने हात पुढे केला.

"आण ते बूट. मी देतो सैल करून. फी नको."

कुरकुरने बूट छातीशी धरले.

"नको," ती म्हणाली. "माझे बूट मीच सैल करणार."

तिने दात-ओठ आवळून बूट चढवले, नाडी बांधली आणि लंगडत लंगडत घराकडे चालू लागली. बटण वाट बघत होता, ताई आता ओरडेल, मग ओरडेल. पण घर येईपर्यंत कुरकुरने एकदाही कुरकुर केली नाही.